पेंढ्याचं रेडकू

“एक थेंबही नाही,” आण्णांनी फलकावरची ओळ मोठ्यानं वाचली आणि माझ्याकडं वळून विचारलं, “कशाचा?”

“दुधाचा.”

“आणि हा फोटो तुझाच?”

“हो.”

फलक मंगल कार्यालयाच्या दारावर लावला होता. त्यात मी धावत होते, दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले, आणि खाली नाव होतं, त्रिशला मगदूम. आण्णा, माझे वडील, बराच वेळ बघत राहिले. मग टोपी सारखी करत म्हणाले, “पाय चांगले आल्यात.”

त्यांच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत पितळी डबा. “आईनं शेंगाच्या पोळ्या दिल्यात,” ते म्हणाले. “तुझ्या वर, तुपाशिवाय. तवा बी वेगळा घेतलाय म्हणाली. खाली कागद घातलाय, त्याच्या खालच्या दोन माझ्या. त्यास्नी तूप हाय, हात लावू नको.”

“आण्णा, तुम्ही कसे काय आलात?”

“बाबगोंडाच्या जीपनं. उद्या पळणाऱ्यास्नी मसाला दूध द्यायचंय न्हवं डेअरीचं? तालुक्यातल्या सगळ्या दूध संस्थांची माणसं बोलावल्यात. म्हटलं, तू बी बोलणार हाईस, तेवढंच ऐकावं.”

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तालुक्याच्या गावात अर्धी मॅरेथॉन होती. आदल्या दुपारी धावणाऱ्यांना छातीवर लावायचे नंबर वाटायचे आणि त्याच वेळी आहारावर एक कार्यक्रम घ्यायचा, असं आमच्या गटानं ठरवलं होतं. गट पुण्याचा होता. प्राण्यांकडून आलेलं काहीही न खाता लांब पल्ल्याचं धावता येतं, हे लोकांना दाखवायचं, आणि शाळांच्या नि वसतिगृहांच्या ताटात डाळी, कडधान्यं, नाचणी यांना जागा मिळवून द्यायची, हे त्याचं काम. मैत्रेयी जोगळेकर हा गट चालवायची. मी पुण्यात शिकायला गेले तेव्हा तिनंच मला पहाटे टेकडीवर धावायला नेलं होतं. तिच्यामुळं मी दूध सोडलं, आणि ते सोडल्यावर माझा वेळ सुधारला होता. गटात शेतकऱ्याच्या घरची मी एकटी होते. त्यामुळं फलकावर माझा फोटो होता.

“कार्यक्रम लांबेल, आण्णा. कंटाळाल तुम्ही,” मी म्हटलं. “पंपाचं काही आणायचं होतं ना तुम्हाला?”

“वॉशर आणायचाय.”

“मग बाजारात जाऊन या. नंतर दुकानं बंद होतील.”

आण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी फलकाचा सैल झालेला कोपरा चिकटवत होते.

“जातो तर,” ते म्हणाले. “पोळ्या मागनं खाऊ दोघं. दिवस हाय तवर.”

आमच्या घरात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. पुण्याला गेल्यावर मी ते सोडलं होतं, पण घरी सांगितलं नव्हतं. आण्णा फाटकाबाहेर पडून बाजाराच्या रस्त्याला लागले, तेव्हा मी आत गेले.

सभागृहात खुर्च्या भरल्या होत्या. पुढं पुण्याहून आणि सांगलीहून आलेले धावपटू, रंगीत बूट घातलेले. मागं संस्थांची माणसं, टोप्या आणि पांढरे शर्ट. मैत्रेयीनं पडद्यावर चित्रं दाखवली, स्नायू, हाडं, लोह, प्रथिनं. मग प्रश्न सुरू झाले.

“मॅडम, दूध बंद, तूप बंद, ताक बी बंद. मग चहात काय घालता?”

“आम्ही काळा पितो.”

“काळा चहा आमच्यात मयताच्या घरी देतात.”

मागची सगळी रांग हसली. मैत्रेयीही हसली. तिला राग यायचा नाही, हे तिचं बळ होतं.

“आणि सोयाबीनचं दूध काढताना खाली बसायचं कुणी?” दुसऱ्यानं विचारलं. “आचळं कुठल्या अंगाला असतात?”

“ते मिक्सरवर निघतं, काका. लाथ खायची भीती नाही.”

ह्यावर मागच्यांनी तिलाही दाद दिली. मग माझी पाळी आली. मी नाचणीची आंबील, भिजवलेले शेंगदाणे, मटकीची उसळ, जवसाची चटणी असं सांगत गेले. पूर्वी मोठ्या धावेनंतर गुडघे कसे धरायचे आणि आता कसे धरत नाहीत, तेही सांगितलं. लोक ऐकत होते. हे सगळं त्यांच्याच शेतातलं होतं, त्यामुळं त्यात भांडायला काही नव्हतं.

मैत्रेयी माझ्या कानाशी आली. “ती गोष्ट सांग ना. रेडकाची.”

मी दाराकडं पाहिलं. मागच्या खुर्च्या एकेक करून पाहिल्या. आण्णा नव्हते. मग मी सांगितली.

“एका गावात एका घरी म्हैस व्याली. रेडकू काही आठवडे जगलं आणि मेलं. रेडकानं ढुशी मारल्याशिवाय म्हैस पान्हा सोडत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. मग त्या घरच्या माणसानं रेडकाचं कातडं काढून आणवलं. त्यात पेंढा भरून घेतला, पायांच्या जागी काठ्या लावल्या. धारेच्या वेळी तो ते रेडकू म्हशीपुढं ठेवायचा. म्हैस ते चाटायची.” इथं मी थांबले. मैत्रेयीला पहिल्यांदा सांगितलं होतं तेव्हाही इथंच थांबले होते. “चाटता चाटता तिला पान्हा फुटायचा. धार झाली की तो माणूस ते रेडकू पोत्यात घालून माळ्यावर ठेवायचा, कुणाच्या दृष्टीला पडू नये म्हणून. ते घर शाकाहारी होतं. अंडंसुद्धा त्या घराच्या उंबऱ्याच्या आत कधी आलेलं नव्हतं.”

गोष्ट मी चांगली सांगितली होती.

मागून एक माणूस उठला. अंगानं थोराड, खांद्यावर टॉवेल. आमच्या गावच्या दूध संस्थेचे चेअरमन, बाबगोंडा पाटील.

“ही पोरगी आमच्या गावची,” ते सगळ्यांना म्हणाले. “आमच्या भूपाल मगदूमाची. गुणाची हाय, पळती बी चांगली. पण पोरी, गाव कुठलं ते सांगितलं न्हाईस.”

“गावाचं नाव महत्त्वाचं नाही, काका,” मैत्रेयी म्हणाली.

“तुम्हास्नी नसंल, ताई. आम्हास्नी हाय. हिचं सगळं लहानपण आमच्या गावात गेलं. मग ते घर आमच्यातलंच धरायचं का? आम्ही जैन माणसं. मुंगी दिसली तर पाय उचलून घेतो. आमच्यात मेलेल्या रेडकात पेंढा भरत्यात, असं तू पुण्याच्या लोकांस्नी सांगायलीस. मग घर दाखव. न्हाईतर म्हण, मनानं रचलंय.”

माईक माझ्या हातात होता. तो पंख्याचा आवाज पकडत होता. घर सांगायचं तर ते माझं होतं, आणि नाही सांगायचं तर गोष्ट खोटी ठरत होती. मैत्रेयी माझ्याकडं बघत होती. तिलाही घर माहीत नव्हतं.

“मी…” मी म्हणाले, “ऐकलेली गोष्ट आहे.”

“ऐकलेली,” चेअरमन सभागृहाकडं वळून म्हणाले. “बघा. ऐकीव हाय.”

मागं हशा पिकला. तो संपता संपता दाराकडून आवाज आला.

“ऐकीव न्हाई. बघितलेली हाय.”

आण्णा दारात उभे होते. एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हातात वॉशरची कागदी पुडी. ते कधी आले, किती ऐकलं, मला कळलं नव्हतं.

“ते घर माझं,” आण्णा म्हणाले.

“भूपाल, खाली बस.” चेअरमननी आवाज उतरवला. “पोरीपायी उगच काहीबाही अंगावर घेऊ नको.”

“उगच न्हाई, बाबगोंडा. माझ्या गोठ्यातलं हाय. कातडं परगावच्या माणसाकडनं काढून घेतलं. पोतं मी शिवलं.” मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आवाज एवढा खाली गेला की पुढच्या रांगा मागं वळल्या. “मला वाटायचं, तू झोपलेली असतीस.”

मैत्रेयीनं माझ्या हातातून माईक घेतला. “काका, विचारू का? ते रेडकू मेलं कशानं?”

“दूध कमी पडलं त्याला.”

“म्हणजे डेअरीला जास्त घालायचं म्हणून?”

“डेअरीला घालत हुतो तेवढंच घालत हुतो.”

“मग?”

आण्णांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“घरात लागत हुतं,” ते म्हणाले. हे ते जमिनीकडं बघून म्हणाले. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

मैत्रेयी पुढं काहीतरी बोलली. धैर्य हा शब्द मला ऐकू आला. मग टाळ्या सुरू झाल्या.

त्या वर्षी आमच्या घरी एकच म्हैस होती. आजीला दूध सोसत नसे. आई चहापुरतं घ्यायची. आण्णांनी तर दूध कधी तोंडाला लावलेलं मी पाहिलं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर शाळेचे खेळाचे सर घरी आले होते, ओट्यावर बसून म्हणाले होते, भूपाल आण्णा, पोरीच्या पायात जिल्ह्याचं बळ आहे, सकाळ-संध्याकाळ तांब्याभर दूध द्या. तेव्हापासून पहाटे मी उठायच्या आत उशाशी तांब्या असायचा. वर फेस, तांब्याला हात लावला तर कोमट. मी तो एका दमात पिऊन पळायला जायचे. त्या वर्षी आमच्या घरात दूध पिणारं एकच माणूस होतं.

टाळ्या चालूच होत्या. आण्णा त्या टाळ्यांत उभे होते. बसावं की उभं राहावं, हे त्यांना कळत नव्हतं. मागच्या टोप्या खाली झुकल्या होत्या. मला वाटलं, त्यांना राग आला आहे. थोड्या वेळानं बाबगोंडा पाटील काही न बोलता उठून बाहेर गेले आणि त्यांच्या मागून त्यांची माणसं गेली.

मैत्रेयी खाली उतरून आण्णांजवळ पोचली होती. “काका, तुम्ही फार मोठं काम केलंत आज. एवढंच एकदा कॅमेऱ्यासमोर सांगाल?”

“एकदा बोललो तेवढं पुरे, ताई,” आण्णा म्हणाले. “तुमचं चालू द्या.”

मी व्यासपीठावर होते. खाली उतरायला तीनच पायऱ्या होत्या. ते दूध पिणारी मी, एवढं सांगायला माईकचीसुद्धा गरज नव्हती. मी नंबरांचे उरलेले कागद गोळा करत राहिले.

जीप आण्णांना न घेता गेली होती. आम्ही एस. टी. स्टँडवर आलो. गावाकडची गाडी लागायची होती. पश्चिमेकडं तोंड करून एक सिमेंटचा बाक होता, त्यावर बसलो. समोरून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या.

“मी तुमचं नाव घेतलं नव्हतं, आण्णा,” मी म्हणाले.

“तेच चुकलं.”

“तुम्ही कशाला बोललात मग?”

“मग काय, तू खोटी ठरू दे? गोष्ट तर खरी हाय.” ते थोडा वेळ ट्रॉल्या बघत राहिले. “खरी गोष्ट सांगायची असंल तर घर लपवू नये. घराची लाज वाटत असंल तर गोष्टच सांगू नये. दोन्ही कसं करायला येईल?”

मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

“मला बी वाटली हुती लाज,” ते म्हणाले. “न्हाईतर माळ्यावर कशाला ठेवतोय.”

“तुम्ही मला कधी सांगितलं नाही.”

“काय?”

ते काय, ते माझ्यानं उच्चारवेना. आण्णांना समजलं असावं. त्यांनी डब्याचं झाकण काढता काढता म्हटलं, “तू पळत हुतीस.”

डबा त्यांनी दोघांच्या मध्ये ठेवला. वरच्या दोन पोळ्या कोरड्या होत्या. खालच्या कागदाच्या कडेला तूप ओघळलं होतं आणि ते वर लागू नये म्हणून आईनं कागदाची चारी टोकं आत दुमडली होती.

“खा,” आण्णा म्हणाले. “दिवस गेला की खाता यायचं न्हाई तुला.”

“तुम्ही घ्या आधी.”

“तू घे. पळायचंय उद्या.”

मी शाळेत पळायला लागले तेव्हापासून आण्णा माझ्या आधी जेवत नसत. मी पहिला घास घेतला की मग ते हात धूत. मला ते माहीत होतं. मी डब्याकडं हात नेला आणि मागं घेतला. आण्णा वाट बघत होते. मीही बघत होते. सूर्य उसाच्या शेंड्यांना टेकला, मग अर्धा दिसेनासा झाला. मध्ये एक कुत्रं येऊन बाकाखाली हुंगून गेलं. आण्णांनी एकदा म्हटलं, “घे की.” मी मान हलवली.

मग ऊस काळा झाला. आण्णांनी आकाशाकडं पाहिलं, डब्याचं झाकण लावलं आणि डबा पिशवीत घातला. आता खाण्याचा प्रश्न नव्हता. मी पुण्यात रात्री जेवते, हे मी त्या बाकावरही त्यांना सांगितलं नाही.

गाडी लागली तेव्हा त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. “सकाळी खा. पळायच्या आधी.” पायरीवर चढून ते वळले. “वॉशर पिशवीत तर न्हाई न्हवं?” मी बघितलं. पिशवीत नव्हता. त्यांनी खिसा चाचपला, पुडी लागली, मग आत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मी धावले. मसाला दुधाच्या टेबलामागं आमच्या गावचं कुणी नव्हतं. वेळ चांगला आला. माझा तो फलक पुढं दोन-तीन गावांत लागला, आणि मी गटातून बाहेर पडले तेव्हा मैत्रेयीला अभ्यासाचं कारण दिलं. दूध मी पुन्हा घेतलं नाही. ते का, हे मला आता कुणाला समजावून सांगता आलं नसतं. आण्णांनीही त्यानंतर त्या दिवसाचं नाव काढलं नाही. मी गावी आले की आई माझा तवा वेगळा काढायची आणि आण्णा पहिल्या घासाची वाट बघायचे.

आण्णा गेले तो ऊन तापायला लागण्याचा महिना होता. घरी भेटायला माणसं येत होती. शेजारणी चुलीवर पातेलंभर काळा चहा ठेवून होत्या. दुपार कलल्यावर बाबगोंडा पाटील आले. काठी टेकत टेकत, आता चेअरमनही नव्हते. ओट्यावर बसले. मी त्यांना कप दिला आणि माझा घेऊन खांबाला टेकून बसले.

“तुला सवय असंल म्हणा काळ्याची,” ते म्हणाले.

“आहे.”

ते फुंकर मारत प्याले. गोठ्यात एक म्हैस होती आणि तिच्या बाजूला नर रेडकू, चांगलं भरलेलं, पाठ चकचकीत. ते त्याच्याकडं बघत होते.

“तुझा बा नंतरनं डेअरीला दूध कमी घालायला लागला,” ते म्हणाले. “मी म्हणायचो, भूपाल, म्हैस एवढी दुधाळ, जातंय कुठं दूध? तर म्हणायचा, घरात लागतंय. घरात कोण, तर दोन म्हातारी माणसं.”

तेव्हा मी बोलले. ठरवून नाही. चहाचा कप हातात होता आणि गोठा समोर होता.

“त्या वर्षी मला लागत होतं, काका. रेडकू मेलं त्या वर्षी. घरात म्हणजे मीच होते.”

त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, त्यांना धक्का बसेल. पण त्यांनी नुसती मान हलवली, जशी कुणी पावसापाण्याचं सांगितल्यावर हलवावी.

“म्हाईत हाय,” ते म्हणाले.

“कुणी सांगितलं? आण्णांनी?”

“त्यो कशाला सांगतोय. तिथंच कळलं की. घरात लागत हुतं म्हणाला, तवा. पळणारी पोर कुणाच्या घरात हाय, हे गावात कुणाला म्हाईत न्हवतं? तुझी आई तांब्या घेऊन गोठ्यातनं जाताना सगळ्यांनी बघितलेली.” त्यांनी टॉवेलानं तोंड पुसलं. “म्हणून तर आम्ही माना खाली घातल्या. मी आणखी काय बोललो असतो तर त्याला तुझं नाव घ्यावं लागलं असतं. ते त्यानं घेतलं नसतं. म्हणून उठलो आणि जीप घेऊन आलो. त्याला बी नेलं न्हाई. म्हटलं, पोरगी एकटी हाय, बोलंल बापाशी.”

मी त्यांचा कप उचलून बाजूला ठेवला.

“टाळ्या त्या पुण्याच्या लोकांनी वाजवल्या,” बाबगोंडा पाटील म्हणाले. “आमच्यातल्या एकानं बी वाजवली न्हाई. तुझ्या ध्यानात आलं न्हाई?”

आतून शेजारणीनं हाक मारली. ताट वाढलं होतं. दिवस आहे तोवर दोन घास खाऊन घे, म्हणत होती. मी ताटाशी जाऊन बसले आणि हात न लावता बसून राहिले, बराच वेळ. वाट बघायला समोर कुणी नव्हतं.